बाजार आधी की राष्ट्र? खुल्या व्यापारावरून परंपरावाद्यांमध्ये चाललेला वाद

परंपरावादी विचारसरणीत खुला व्यापार आणि आर्थिक राष्ट्रवाद हे दोन्ही प्रवाह सुरुवातीपासून एका घरात नांदत आले आहेत, आणि त्यांचे एकमेकांशी कधीच पुरते पटलेले नाही. धर्म, कुटुंब, खासगी मालमत्ता, कायद्याचे राज्य या बाबतींत ज्यांचे एकमत असते, तेच लोक परदेशी मालावर जकात बसवावी की नाही, एवढ्या प्रश्नावरून दोन तट करून उभे राहतात. ब्रिटनमध्ये १८४६ साली हुजूर पक्ष याच प्रश्नावर फुटला आणि १९०३ नंतर पुन्हा दुभंगला. अमेरिकेतील रिपब्लिकन पक्ष सुरुवातीच्या काळात संरक्षक जकातीचा पुरस्कर्ता होता. पुढे तो खुल्या व्यापाराचा कैवारी झाला आणि २०१६ नंतर पुन्हा जकातीकडे वळला.

वरवर पाहता हा अर्थशास्त्राचा वाद आहे. पण जकातीमुळे माल महागतो आणि स्पर्धेमुळे काही कारखाने बंद पडतात, ही दोन्ही विधाने दोन्ही बाजूंना सहसा मान्य असतात. तरीही वाद उरतोच. मूळ प्रश्न नीतीचा आणि तत्त्वज्ञानाचा आहे. माणसाचे पहिले कर्तव्य कोणाशी, राष्ट्र म्हणजे केवळ एका कायद्याखाली राहणाऱ्या व्यक्तींची बेरीज की त्याहून काही अधिक, आणि परंपरावाद्याने जपायचे ते नेमके काय?

दोन गृहीतके

खुल्या व्यापाराच्या बाजूचा परंपरावादी मालमत्तेच्या हक्कापासून सुरुवात करतो. कष्टाने मिळवलेला पैसा ज्याचा त्याचा. त्या पैशातून तो गावातल्या विणकराकडून कापड घेतो की समुद्रापलीकडच्या, हा त्याचा आणि विकणाऱ्याचा व्यवहार आहे. सरकारने मध्ये पडून जकात लावली की ग्राहकाच्या खिशातला पैसा कायद्याच्या जोरावर एखाद्या कारखानदाराच्या खिशात जातो. शिवाय कोणता उद्योग जगवावा आणि कोणता मरू द्यावा, हे ठरवण्याइतके ज्ञान कोणत्याच मंत्र्याकडे नसते. सत्तेबद्दलचा अविश्वास हा परंपरावादाचा जुना संस्कार आहे, आणि जकातीचा तक्ता हाती असलेले सरकार म्हणजे लग्गेबाजी आणि वशिल्याला उघडे कुरण, असे हा पक्ष मानतो.

आर्थिक राष्ट्रवादी परंपरावादी सुरुवातच वेगळ्या ठिकाणाहून करतो. माणूस आधी कुटुंबात, गावात, भाषेत आणि राष्ट्रात जन्मतो. ग्राहक तो नंतर होतो. करार पाळले जातात, बंदरे सुरक्षित असतात, नाण्याला किंमत असते, म्हणून बाजार चालतो. आणि हे सगळे राष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या उभे केलेले असते. त्यामुळे बाजाराने राष्ट्राच्या चौकटीत राहावे, राष्ट्राने बाजाराच्या नव्हे. स्वस्त मालाच्या मोबदल्यात एखाद्या शहराचा कणा असलेला कारखाना गेला, तर मजुरीबरोबर तिथली मंडळे, प्रार्थनास्थळे, लग्नसंबंध आणि बापाकडून मुलाकडे जाणारे कसबही जाते. या नुकसानीची नोंद किमतीच्या तक्त्यात कुठेच होत नाही, हा या पक्षाचा मुख्य आक्षेप आहे.

आधुनिक परंपरावादाचे आद्य पुरुष मानले जाणारे एडमंड बर्क यांच्या लेखनात या दोन्ही गृहीतकांना आधार सापडतो. १७९५ च्या धान्यटंचाईत त्यांनी पंतप्रधान पिट यांच्यासाठी एक टिपण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८०० साली प्रसिद्ध झाले. सरकारने मजुरीचे आणि धान्याचे दर ठरवू नयेत, व्यापाराचे नियम हे निसर्गाचे आणि म्हणून ईश्वराचेच नियम आहेत, अशी त्यातील भूमिका आहे. ती केवळ कागदावरची नव्हती. १७७८ साली आयर्लंडवरील व्यापारी निर्बंध सैल करण्याला बर्क यांनी पाठिंबा दिला, तेव्हा त्यांच्याच ब्रिस्टल मतदारसंघातले व्यापारी खवळले. आयरिश माल आला तर आपला धंदा बुडेल, ही त्यांची भीती होती. बर्क यांनी माघार घेतली नाही. १७८० साली त्यांना ब्रिस्टलची जागा सोडावी लागली आणि त्यामागच्या प्रमुख कारणांपैकी हे एक होते.

याच बर्क यांनी १७९० च्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथात समाज म्हणजे जिवंत, मृत आणि अजून न जन्मलेल्या पिढ्यांमधील भागीदारी, अशी कल्पना मांडली. मिरी-कॉफीच्या व्यापारासाठी केलेल्या आणि मनात आले की मोडता येणाऱ्या भागीदारीशी तिची तुलना होऊ शकत नाही, असेही बजावले. आर्थिक राष्ट्रवादी नेमके हेच वाक्य हाती घेतात. भागीदारी पिढ्यांची असेल, तर आजच्या ग्राहकाच्या सोयीसाठी उद्याच्या पिढीचे उद्योगसामर्थ्य विकण्याचा अधिकार कोणाला? स्वतः बर्क यांना या दोन भूमिकांत विसंगती वाटली नाही. त्यांच्या काळी कारखाना हजारो मैल दूर हलवता येत नव्हता, ही गोष्ट त्या निश्चिंतीमागे असावी.

ईश्वरी योजना की नगराचे शील

या वादाला धार्मिक आणि प्राचीन मुळेही आहेत. चौथ्या शतकातील अँटिऑकचा वक्ता लिबॅनियस याने असा विचार मांडला की ईश्वराने सगळी संपत्ती एकाच भूमीला दिली नाही. माणसांना एकमेकांची गरज भासावी आणि त्यांच्यात मैत्री व्हावी, म्हणून ती वाटून दिली. डच विधिज्ञ ह्यूगो ग्रोशियस यांनी १६२५ च्या आपल्या ग्रंथात समुद्र आणि व्यापार खुले असावेत हे सिद्ध करताना या विचाराचा आधार घेतला. एकोणिसाव्या शतकात रिचर्ड कॉबडेन यांच्यासारख्या खुल्या व्यापाराच्या प्रचारकांनी त्याला जवळजवळ धर्मश्रद्धेचे रूप दिले. व्यापार वाढला की राष्ट्रे एकमेकांवर अवलंबून राहतील आणि युद्धे थांबतील, असा त्यांचा विश्वास होता. १९१४ च्या महायुद्धाने त्या विश्वासाला मोठा तडा दिला, कारण ब्रिटन आणि जर्मनी हे तेव्हा परस्परांचे मोठे गिऱ्हाईक होते.

विरुद्ध बाजूची परंपरा त्याहून जुनी आहे. प्लेटोने ‘लॉज’ या संवादात आदर्श नगर समुद्रापासून ऐंशी स्टेडिया, म्हणजे सुमारे चौदा-पंधरा किलोमीटर, आत असावे असे सुचवले. बंदराशेजारच्या नगरात सतत खरेदी-विक्री चालते आणि नागरिकांचा एकमेकांवरचा विश्वास उडतो, ही त्याची भीती होती. ॲरिस्टॉटलने घरगृहस्थीसाठी लागणारे मिळवणे आणि पैशासाठी पैसा मिळवणे यांत भेद केला. पहिल्याला मर्यादा असते, दुसऱ्याला नसते, म्हणून दुसऱ्यावर नगराचा अंकुश हवा.

रोमन कॅथलिक समाजचिंतनात या दोन्ही धारा येऊन मिळतात. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या परिपत्रकात समाजवाद नाकारून खासगी मालमत्तेचे समर्थन केले, पण मजुराच्या कुटुंबाचे पोट भरेल एवढी मजुरी हा न्यायाचा भाग आहे, केवळ कराराचा नाही, असेही सांगितले. १९३१ च्या परिपत्रकाने तत्त्व मांडले की जे काम कुटुंब किंवा स्थानिक संस्था करू शकते ते वरच्या सत्तेने बळकावू नये. १९६७ साली पोप पॉल सहावे यांनी विषम सामर्थ्याच्या राष्ट्रांमध्ये निव्वळ खुल्या व्यापाराचा नियम न्यायाला पुरेसा नाही, असे म्हटले. तर १९९१ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी मुक्त बाजाराला, नीती आणि कायद्याच्या चौकटीत, सशर्त मान्यता दिली. त्यामुळे कॅथलिक परंपरावादी आजही दोन्ही गोटांत सापडतात आणि दोन्हींकडे धर्मवचनांची कमतरता नसते.

स्मिथ आणि रिकार्डो यांचे दोन अर्थ

ॲडम स्मिथ यांचा १७७६ चा ग्रंथ हा खुल्या व्यापाराचा मूलाधार मानला जातो, पण त्यातही राष्ट्राला जागा आहे. ‘अदृश्य हात’ हे गाजलेले शब्द त्या ग्रंथात एकदाच येतात, आणि ज्या परिच्छेदात येतात तिथे व्यापारी स्वतःच्या सुरक्षिततेसाठी परदेशापेक्षा मायदेशातील उद्योगाला भांडवल देणे पसंत करतो, असे गृहीत धरलेले आहे. संरक्षणाचे महत्त्व संपत्तीहून अधिक, असे मानून स्मिथ यांनी ब्रिटिश जहाजांना झुकते माप देणाऱ्या नौकानयन कायद्यांचे समर्थनही केले. मात्र अपवाद सांगताना त्यांनी ते मोजकेच सांगितले आणि कारखानदारांनी राष्ट्रहिताच्या नावाखाली मागितलेल्या सवलतींकडे संशयानेच पाहावे, असा इशारा दिला.

डेव्हिड रिकार्डो यांचे १८१७ चे उदाहरण बारकाईने पाहण्यासारखे आहे. इंग्लंडमध्ये ठरावीक कापडासाठी वर्षभर १०० माणसांचे श्रम लागतात आणि ठरावीक वाइनसाठी १२० माणसांचे. पोर्तुगालमध्ये तेवढ्याच कापडासाठी ९० आणि वाइनसाठी ८०. पोर्तुगाल दोन्ही वस्तू कमी श्रमात बनवतो. तरीही पोर्तुगालने वाइन आणि इंग्लंडने कापड बनवून अदलाबदल केली, तर दोघांचेही श्रम वाचतात: इंग्लंड १०० माणसांच्या कापडात १२० माणसांची वाइन मिळवतो, पोर्तुगाल ८० माणसांच्या वाइनमध्ये ९० माणसांचे कापड. खुल्या व्यापाराचा हा सर्वांत भक्कम युक्तिवाद आहे आणि तर्क म्हणून तो आजवर कोणी खोडलेला नाही.

पण त्याच प्रकरणात रिकार्डो एक अट नोंदवतात. भांडवल इतक्या सहजतेने फिरते असते, तर इंग्रज भांडवलदारांनी कापड आणि वाइन दोन्ही पोर्तुगालमध्येच बनवले असते. ते तसे करत नाहीत, कारण माणसाला जन्मभूमी आणि गणगोत सोडवत नाही, अनोळखी राजवटीच्या हाती भांडवल द्यायला तो कचरतो. आणि ही भावना क्षीण झालेली पाहून आपल्याला वाईट वाटेल, असेही ते लिहितात. आर्थिक राष्ट्रवादी म्हणतात की ती अट आता उरली नाही, भांडवल एका रात्रीत सीमा ओलांडते. खुल्या व्यापाराचे समर्थक उत्तर देतात की भांडवल हलले तरी प्रत्येक देशाला तुलनेने बरे जमणारे काही ना काही काम उरतेच. ते बरोबर आहे. मात्र उरलेले काम कोणते, कोणत्या गावात आणि किती मजुरीचे, हे त्या सिद्धांतात सांगितलेले नाही.

पील यांचा निर्णय आणि हुजूर पक्षाची फाळणी

१८१५ च्या धान्य कायद्याने ब्रिटनमध्ये गव्हाचा भाव क्वार्टर या धान्यमापाला ८० शिलिंगांवर जाईपर्यंत परदेशी गव्हाला दार बंद केले होते. पुढे त्यात बदल झाले, पण जमीनदारांचे संरक्षण कायम राहिले. हे संरक्षण टिकवण्याची हमी देऊनच हुजूर पक्ष १८४१ साली सत्तेवर आला. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने कुजले, आणि आधीच मनातून डळमळलेले पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी १८४६ साली कायदे रद्द करायचे ठरवले. मे महिन्यात कॉमन्स सभेत विधेयक ३२७ विरुद्ध २२९ मतांनी संमत झाले, पण पील यांच्याच पक्षातील सुमारे दोन-तृतीयांश खासदार विरोधात गेले. जूनमध्ये सरदारांच्या सभेने ज्या रात्री विधेयकावर शिक्कामोर्तब केले, त्याच रात्री कॉमन्स सभेत आयर्लंडविषयक दुसऱ्या विधेयकावर पील यांचा पराभव झाला आणि त्यांचे सरकार पडले.

पील यांच्यावर सर्वांत जहरी टीका बेंजामिन डिझरेली यांनी केली. त्यांचा मुद्दा केवळ गव्हाच्या भावाचा नव्हता. गरिबांची सोय, चर्चचा खर्च, स्थानिक न्यायदान ही ओझी जमीन वाहते. म्हणून जमिनीचे संरक्षण म्हणजे एका समाजव्यवस्थेचे संरक्षण, अशी त्यांची मांडणी होती. पील यांचे उत्तरही परंपरावादीच होते. भुकेल्या जनतेच्या डोळ्यांदेखत जमीनदारांचा नफा राखणारी राज्यव्यवस्था फार काळ टिकणार नाही. सरदारशाही आणि राजसत्ता वाचवायची तर भाकरीवरचा कर सोडला पाहिजे. दोघेही तीच व्यवस्था जपायला निघाले होते, फक्त उपाय उलटे होते. पुढे १८५२ साली अर्थमंत्री झाल्यावर डिझरेली यांनी स्वतःच संरक्षणाचा आग्रह सोडून दिला. पक्षाला मात्र त्या फुटीनंतर स्वतःच्या बहुमताचे सरकार मिळायला १८७४ साल उजाडावे लागले.

बाहेरून पाहणाऱ्या कार्ल मार्क्स यांनी १८४८ साली ब्रुसेल्समधील भाषणात या वादावर अचूक बोट ठेवले. संरक्षक जकात ही जुने टिकवून धरणारी, तर खुला व्यापार जुनी राष्ट्रीय बंधने मोडून वर्गसंघर्ष तीव्र करणारा. म्हणून आपण खुल्या व्यापाराच्या बाजूने, असे त्यांनी जाहीर केले. आजचे राष्ट्रवादी परंपरावादी हा दाखला आवर्जून देतात.

अमेरिका आणि जर्मनी: उद्योगनिर्मितीचा मार्ग

अमेरिकेत हा वाद वेगळ्या अंगाने वाढला. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी १७९१ साली काँग्रेसपुढे ठेवलेल्या अहवालात नवजात उद्योगांना अनुदाने आणि जकातींचा आधार द्यावा असे सुचवले. युद्धकाळात शस्त्रे आणि कपडे परक्यांकडून आणावे लागले, हा अनुभव ताजा होता. हेन्री क्ले यांनी त्यावर जकाती, राष्ट्रीय बँक आणि रस्ते-कालवे यांची ‘अमेरिकन पद्धत’ उभी केली. त्या काळात पेनसिल्व्हेनियात राहिलेले जर्मन विचारवंत फ्रीडरिश लिस्ट यांनी १८४१ च्या ग्रंथात याला तत्त्वज्ञानाची बैठक दिली. संपत्तीपेक्षा संपत्ती निर्माण करण्याची शक्ती मोलाची, आणि व्यक्ती व मानवजात यांच्यामध्ये राष्ट्र नावाची खरीखुरी पायरी असते, हे त्यांचे दोन मुख्य सिद्धांत. मात्र संरक्षण कायमचे नसावे आणि शेतमालाला ते देऊ नये, असेही त्यांनी स्पष्ट केले होते.

दक्षिणेकडील परंपरावादी मात्र कट्टर खुल्या व्यापाराचे होते. गुलामांच्या श्रमावर पिकवलेला कापूस ते इंग्लंडला विकत आणि तिथला पक्का माल घेत. जकात म्हणजे उत्तरेने घातलेला दरोडा, असे त्यांना वाटे. १८२८ च्या जबर जकातीनंतर १८३२ साली दक्षिण कॅरोलिनाने तो कायदा आपल्या राज्यात रद्दबातल ठरवला आणि यादवीची वेळ आली. क्ले यांनी १८३३ साली तडजोड घडवून ती टाळली. खुला व्यापार नेहमी स्वातंत्र्याच्याच बाजूने उभा असतो, ही समजूत या इतिहासाला टिकत नाही.

क्ले यांचे अनुयायी असलेल्या लिंकन यांच्यापासून पुढे सत्तर वर्षे रिपब्लिकन पक्ष जकातीचा पक्ष राहिला. त्याच काळात अमेरिका औद्योगिक महासत्ता झाली. जकातीमुळे झाली की अफाट जमीन, स्थलांतरित मजूर आणि देशांतर्गत प्रचंड खुल्या बाजारपेठेमुळे, हा वाद अर्थशास्त्रज्ञांत अजून चालू आहे. शेवट मात्र वाईट झाला. हजाराहून अधिक अर्थशास्त्रज्ञांचा विरोध डावलून अध्यक्ष हूवर यांनी जून १९३० मध्ये स्मूट-हॉली जकात कायद्यावर सही केली. इतर देशांनी प्रतिजकाती लावल्या आणि मंदीत सापडलेला जागतिक व्यापार आणखी आटला.

चेंबरलेन यांची मोहीम

ब्रिटनमध्ये जोसेफ चेंबरलेन यांनी १५ मे १९०३ रोजी बर्मिंगहॅमच्या भाषणात साम्राज्यांतर्गत मालाला सवलत आणि बाहेरच्या मालाला जकात, अशी योजना मांडली. जर्मनी आणि अमेरिकेच्या स्पर्धेत ब्रिटिश कारखाने मागे पडत होते. साम्राज्याची मोट बांधून ठेवायची तर व्यापाराचा दोर हवा, असे त्यांचे म्हणणे होते. जकातीच्या पैशातून मजुरांसाठी पेन्शनसारख्या सोयी करता येतील, हेही आमिष होते. पक्षातल्या खुल्या व्यापारवाल्यांना हे रुचले नाही. तरुण विन्स्टन चर्चिल १९०४ साली पक्ष सोडून लिबरलांच्या बाकांवर जाऊन बसले. लॉर्ड ह्यू सेसिल यांच्यासारखे निष्ठावान अँग्लिकन मात्र राजकारणाला जकातींच्या सौदेबाजीची कीड लागेल म्हणून विरोधात राहिले आणि १९०६ च्या निवडणुकीत जागा गमावून बसले. त्या निवडणुकीत लिबरलांनी मतदारांसमोर खुल्या व्यापाराचा मोठा पाव आणि जकातीचा छोटा पाव अशी चित्रे धरली. हुजूर पक्ष आणि मित्रपक्ष मिळून १५७ च्या आसपास जागांवर घसरले. चेंबरलेन यांचे स्वप्न अखेर १९३२ साली मंदीच्या काळात त्यांचे पुत्र, अर्थमंत्री नेव्हिल चेंबरलेन यांनी १० टक्क्यांची सर्वसाधारण जकात लावून पुरे केले.

शीतयुद्धातील तडजोड

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. १९४७ साली २३ देशांनी जकाती कमी करण्याचा गॅट करार केला. सोव्हिएत साम्यवाद हा समान शत्रू समोर असल्याने अमेरिकेतील धार्मिक परंपरावादी, बाजारवादी आणि साम्यवादविरोधी एका छत्राखाली आले. विल्यम बकली यांचे १९५५ साली निघालेले ‘नॅशनल रिव्ह्यू’ हे त्यांचे व्यासपीठ. मित्रराष्ट्रांना अमेरिकी बाजारपेठ खुली करणे हा तेव्हा संरक्षणनीतीचाच भाग होता. तरी तत्त्वाचे मतभेद मिटले नव्हते. अर्थशास्त्रज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी १९६० साली आपण परंपरावादी का नाही हे सांगताना परंपरावाद्यांच्या राष्ट्रवादी कलावर बोट ठेवले. विल्हेल्म रोप्के यांनी मात्र खुल्या व्यापाराचे समर्थन करतानाच बजावले की बाजार ज्या नीतीवर जगतो ती तो स्वतः निर्माण करू शकत नाही. ती घरातून, गावातून आणि चर्चमधून यावी लागते.

रोनाल्ड रेगन यांच्या कारकिर्दीत ही तडजोड जवळून दिसते. बोलण्यात ते कट्टर खुल्या व्यापाराचे. कॅनडाशी खुल्या व्यापाराचा करार त्यांनीच केला. पण १९८१ साली त्यांनी जपानला मोटारींची निर्यात वर्षाला १६.८ लाखांवर ‘स्वेच्छेने’ रोखायला लावली. १९८३ साली हार्ले-डेव्हिडसन ही कंपनी मरणपंथाला लागली असताना ७०० सीसीहून मोठ्या परदेशी मोटरसायकलींवरची जकात ४.४ वरून ४९.४ टक्क्यांवर नेली. ती पाच वर्षांत टप्प्याटप्प्याने उतरायची होती. कंपनी सावरली आणि १९८७ साली तिनेच मुदतीआधी संरक्षण काढून घ्या असे सांगितले. राष्ट्रवाद्यांना यात यशस्वी धोरणाचा नमुना दिसतो. टीकाकार दाखवतात की जपानी कंपन्यांनी ६९९ सीसीची इंजिने काढून जकात चुकवली आणि हार्ले सावरली ती मुख्यतः स्वतःच्या कारभारातल्या सुधारणांमुळे.

१९९१ नंतरची फूट

सोव्हिएत संघ कोसळला आणि छत्र उडाले. पॅट बुकॅनन यांनी १९९२ आणि १९९६ साली रिपब्लिकन उमेदवारीसाठी लढताना आर्थिक राष्ट्रवादाचा झेंडा उभारला आणि १९९६ साली न्यू हॅम्पशायरची प्राथमिक लढत जिंकलीही. पक्षाचा प्रवाह मात्र उलट होता. १९९३ साली मेक्सिको-कॅनडाबरोबरचा नाफ्टा करार प्रतिनिधिगृहात २३४ विरुद्ध २०० मतांनी पार पडला, तो डेमोक्रॅटांपेक्षा रिपब्लिकन मतांच्या जोरावर. डिसेंबर २००१ मध्ये चीन जागतिक व्यापार संघटनेत आला. अमेरिकेतील कारखान्यांतल्या नोकऱ्या २००० सालच्या सुमारे १.७ कोटींवरून २०१० पर्यंत १.१५ कोटींच्या आसपास आल्या. यंत्रे आणि मंदी यांचाही त्यात मोठा वाटा होता. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन या अर्थशास्त्रज्ञांच्या संशोधनाने १९९९ ते २०११ या काळात चिनी आयातीमुळे गेलेल्या नोकऱ्यांचा अंदाज २० ते २४ लाख असा बांधला. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे नोकरी गेलेली माणसे सिद्धांतात सांगितल्याप्रमाणे दुसरीकडे गेली नाहीत. फटका बसलेल्या जिल्ह्यांत लग्नांचे प्रमाण घटले आणि एकट्या पालकाकडे वाढणारी मुले वाढली. कुटुंब हा ज्यांच्या विचाराचा गाभा, त्यांना हा निष्कर्ष दुर्लक्षिता येण्यासारखा नव्हता.

डोनाल्ड ट्रम्प यांनी जानेवारी २०१७ मध्ये प्रशांत महासागरी भागीदारी करारातून माघार घेतली, मार्च २०१८ मध्ये पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के जकात लावली, आणि एप्रिल २०२५ मध्ये जवळजवळ सर्व देशांच्या मालावर किमान १० टक्क्यांची जकात जाहीर केली. विचारांच्या पातळीवर योराम हाझोनी यांनी राष्ट्राला कुटुंब आणि टोळी यांच्या निष्ठांचा विस्तार मानले. ओरेन कास यांनी समाजाचे यश ग्राहकाला किती स्वस्त मिळते यावर नव्हे, तर सामान्य माणसाला कुटुंब पोसणारे काम मिळते का यावर मोजावे, असा आग्रह धरला. खुल्या व्यापाराच्या बाजूच्या परंपरावाद्यांनी दिलेले उत्तर व्यवहाराचे आहे: पोलाद बनवणाऱ्यांपेक्षा पोलाद वापरणाऱ्या कारखान्यांत कितीतरी अधिक कामगार आहेत, आणि महाग पोलादाचा मार त्यांनाच बसतो. त्यांचा दुसरा आक्षेप घटनेचा आहे. कर बसवण्याचा अधिकार लोकप्रतिनिधींचा. तो एका माणसाच्या हाती गेला, तर सत्तेला लगाम घालण्याची परंपराच मोडते.

भारतातील पडसाद

भारतात या वादाचे धागे पुण्यापर्यंत पोहोचतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजमधील व्याख्यानात लिस्ट आणि जर्मन ऐतिहासिक पंथाचा आधार घेऊन इंग्लंडचे अर्थशास्त्र भारताला जसेच्या तसे लागू नाही, असे प्रतिपादन केले. रानडे उदारमतवादी होते. पण त्यांचा हा युक्तिवाद पुढे सर्व गटांनी उचलला. स्वातंत्र्यानंतर उजव्या बाजूला दोन गोट दिसले. राजाजी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाने १९५९ पासून परवाना-परमिट राज्याविरुद्ध झुंज दिली आणि १९६७ साली लोकसभेत ४४ जागा मिळवल्या. जनसंघाच्या परंपरेने मात्र स्वदेशीला धर्म मानले. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ साली मुंबईतील व्याख्यानांत मांडलेला एकात्म मानववाद हा तिचा तात्त्विक आधार.

१९९१ च्या उदारीकरणानंतर हा भेद एकाच संघपरिवारात उतरला. वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांच्या पुढाकाराने त्याच वर्षी नागपुरात स्वदेशी जागरण मंच स्थापन झाला. संगणकाच्या चिप्स हव्यात, बटाट्याच्या नकोत, ही भाजपची तेव्हाची घोषणा मध्यम मार्ग दाखवणारी होती. महाराष्ट्रात युती सरकारने १९९५ साली गुहागर तालुक्यातला एन्रॉन या अमेरिकी कंपनीचा दाभोळ वीज प्रकल्प रद्द केला आणि फेरवाटाघाटी करून पुढच्याच वर्षी मंजूर केला. केंद्रात वाजपेयी सरकारने विमा क्षेत्र परदेशी भांडवलाला उघडले आणि १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील उरलेले संख्यात्मक निर्बंध उठवले, तेव्हा सर्वांत कडक टीका ठेंगडी यांच्याकडूनच झाली. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारताने आरसेप या प्रादेशिक व्यापार कराराच्या वाटाघाटींतून अंग काढून घेतले, आणि जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी खुल्या व्यापाराचा करार केला. दोन्ही निर्णय एकाच पंतप्रधानांच्या काळातले आहेत.

निवाडा

या दीर्घ इतिहासातून तीन गोष्टी निघतात. पहिली, परंपरावादाची अमुकच खरी व्यापारनीती, असा दावा कोणत्याही बाजूला करता येत नाही. पील आणि डिझरेली, चर्चिल आणि चेंबरलेन, राजाजी आणि ठेंगडी हे सगळे आपापल्या परीने काहीतरी जपणारेच होते. दुसरी, संपत्ती वाढवण्याच्या बाबतीत खुल्या व्यापाराचा युक्तिवाद सरस आहे. जकातीने देश श्रीमंत होतो असे म्हणणाऱ्या राष्ट्रवाद्यांचे पारडे इथे हलके पडते. जकात ही किंमत आहे, ती आपल्याच ग्राहकाने मोजायची असते, हे त्यांनी उघडपणे सांगितले पाहिजे. तिसरी, संपत्ती हे परंपरावाद्याचे एकमेव मोजमाप कधीच नव्हते. वाढलेल्या एकूण उत्पन्नाकडे बोट दाखवून उजाड झालेल्या गावाला गप्प करणारा परंपरावादी स्वतःच्या विचाराचा अर्धा भाग सोडून देतो.

म्हणून संरक्षण मागणाऱ्यावर पुराव्याचे ओझे असले पाहिजे. जे वाचवायचे ते कारखानदाराच्या नफ्याहून वेगळे आहे का, संरक्षणाला मुदत आहे का, आणि त्याचा खर्च कोण सोसणार हे कायदेमंडळासमोर सांगितले आहे का, या तीन प्रश्नांना होकारार्थी उत्तर मिळाले, तर जकात परंपरावादी तत्त्वाला धरून ठरते. स्मिथ यांचा संरक्षणाचा अपवाद आणि लिस्ट यांची मुदतीची अट या कसोटीत बसतात. १८१५ चा धान्य कायदा आणि १९३० चा स्मूट-हॉली कायदा बसत नाहीत. खुल्या व्यापाराची बाजू घेणाऱ्यावरही तितकेच ओझे आहे: व्यापाराने झालेल्या लाभातून ज्यांचे नुकसान झाले त्यांच्यासाठी काय केले, याचा हिशेब त्याने दिला पाहिजे. गेल्या पन्नास वर्षांत हा हिशेब फारसा दिला गेला नाही, आणि आर्थिक राष्ट्रवाद पुन्हा बळावण्याचे मुख्य कारण तेच आहे.